जिरूची फाईल: इंदूर ते दापोली, मे महिन्याच्या सुट्टीची तयारी

१६ मार्च

आज मामाचा फोन आला. मामेभावाच्या मुलाची मुंज आहे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, गावी, दापोलीपासून बारा-तेरा किलोमीटरवर, आणि आईला घेऊन यायचंच आहे. आई म्हणाली चार वर्षं झाली माहेरी गेले नाहीये, पाय चालतायत तोवर जाऊन येऊ. मग काय, ठरलंच. लेकीने लगेच विचारलं, जिरूचं काय?

जिरू आमची कुत्री, पाच वर्षांची, २४ किलो, अर्धी लॅब अर्धी देशी, अंगभर तपकिरी ठिपके, पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरावा तसे, म्हणून जिरू. तिसऱ्या वर्षापासून तिला फिट येतात. सगळ्या तपासण्या झाल्या, दुसरं काही निघालं नाही, इडिओपॅथिक एपिलेप्सी असं नाव आहे. फिनोबार्बिटोनची गोळी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, आणि गेल्या वर्षापासून जोडीला पोटॅशियम ब्रोमाइड. शेवटची फिट सप्टेंबरमध्ये आली होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला एका बोर्डिंगवाल्याकडे ठेवून गेलो होतो. गोळ्यांचा कागद लिहून दिला, डब्या दिल्या, अलार्मसुद्धा लावून दिला त्यांच्या फोनवर. परत आलो तर डबीत पाच गोळ्या जास्त उरलेल्या. त्या आठवड्यात तिला तीन झटके येऊन गेले होते आणि आम्हाला एकही फोन नाही. फिनोबार्ब मध्येच बंद पडलं की त्यानेच फिट उसळते, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून ती आमच्याबरोबर येणार नसेल तर आम्ही जात नाही. म्हणून ही नोंदवही आजपासून, साडेसात आठवडे आहेत हातात.

१९ मार्च

आधी रेल्वेचं बघितलं. कुत्र्याला सोबत नेता येतं पण फक्त फर्स्ट एसीत, आणि पूर्ण कूपे (दोघांचा) किंवा केबिन (चौघांची) आपल्याच नावावर लागतं, शिवाय पार्सल ऑफिसात जाऊन तिचं लगेज बुकिंग. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार कशातच चालत नाही. दुसरा पर्याय ब्रेक व्हॅनमधल्या डॉग बॉक्सचा, गार्डाजवळ. तो मी वाचताक्षणी सोडून दिला, कारण अंधाऱ्या पेटीत, मेच्या उन्हात, एकटीला झटका आला तर कोण बघणार. कूपे मिळेल की केबिन की काहीच नाही ते चार्ट लागेपर्यंत कळत नाही, आणि एवढ्या अनिश्चिततेवर मला आईलाही न्यायचं नाहीये.

म्हणजे गाडी. तीन दिवसांत जायचं, इंदूर ते नाशिक, नाशिक ते पुणे, पुणे ते दापोली. नाशिकला आत्या, पुण्याला दीर. नवरा म्हणाला एवढे टप्पे कशाला, पुणे एका दिवसात होतं. होतं, पण सहाशे किलोमीटर, आणि झोप मोडणं, दमणं, वेळा बदलणं हे सगळं तिच्या फिटचं निमित्त होऊ शकतं. पटलं त्याला.

२३ मार्च

आमच्या डॉक्टरांकडे गेलो. मी यादी घेऊन गेले होते, त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, तिथे गेल्यावर हिला पहिल्यांदा कोण बघणार आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले मग किट नंतर भरा, आधी हे शोधा, कारण किट म्हणजे डॉक्टर येईपर्यंतची दहा मिनिटं, डॉक्टर नाही.

मग त्यांनी एक कार्ड लिहून दिलं, अनोळखी डॉक्टरसाठी. वजन, जन्मसाल, औषधं, वेळा, शेवटची फिट हे तर आहेच. पण खाली तीन ओळी आहेत ज्या मला कधी सुचल्या नसत्या. एक, फिनोबार्बमुळे हिचा एएलपी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) नेहमीच वाढलेला असतो, एवढ्यावरून लिव्हर खराब समजू नये. दोन, रक्ताच्या मशीनमध्ये ब्रोमाइड हे क्लोराइड म्हणून मोजलं जातं, त्यामुळे क्लोराइड खूप जास्त दिसेल, ते खरं नाही. तीन, सलाइन लावताना लक्षात ठेवा की ही ब्रोमाइडवर आहे, कारण क्लोराइड जास्त गेलं की किडनी ब्रोमाइड बाहेर टाकते आणि रक्तातली पातळी खाली येते.

तिसरी ओळ वाचून मी विचारलं, म्हणजे मीठ? ते म्हणाले हो, मीठच, जेवणातलं मीठ रोज सारखं ठेवा असं मी म्हणतो ते त्यासाठीच. मग म्हणाले तुम्ही समुद्रावर जाताय ना, तिला समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका.

घरी येताना हाच विचार डोक्यात. आपण जातोय कोकणात. समुद्र, खारं पाणी, अंगणात वाळत घातलेले बोंबील आणि सुकट. आणि फिनोबार्बने हिची भूक अशी की दिसेल ते तोंडात. दुसऱ्या कुत्र्याला थोडंसं खारं पाणी प्यायल्यावर बहुतेकदा उलटी-जुलाबावर भागेल, हिच्या बाबतीत औषधच निघून जाईल.

३० मार्च

महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला गेलो, १९५५ सालचं कॉलेज आहे, जबलपूरच्या विद्यापीठाखाली. आमच्या डॉक्टरांनी लिव्हर-किडनी आणि रक्तातली फिनोबार्बची लेव्हल करायला सांगितली होती, सहा महिने झालेच होते. गर्दी गाई-म्हशींची, शेळ्यांची, एक घोडा पण होता, आणि जिरू अगदी शांत बसून सगळ्यांचा वास घेत होती. तिथल्या एका मॅडमनी फिटचा व्हिडिओ मागितला, माझ्या फोनमध्ये सप्टेंबरचा होता, बघून म्हणाल्या असे व्हिडिओ नेहमी काढत जा, मालक सांगतात त्यापेक्षा व्हिडिओवरून जास्त कळतं, पाय ताठ झाले की नुसते थरथरले, एका बाजूने सुरू झालं की दोन्ही.

६ एप्रिल

आज मोठी चूक होता होता राहिली, म्हणून सविस्तर लिहितेय.

कोकणात गोचिडी असणार, गोचीडताप हा खरा आजार आहे, प्लेटलेट खाली येतात, म्हणून मी आधीच ठरवलं होतं की महिनाभर चालणारी ती चघळायची गोळी देऊन टाकायची, शेजारच्यांच्या कुत्र्याला देतात, एकदम छान काम करते. दुकानात सहज मिळाली सुद्धा. हातात घेतली आणि मग वाटलं विचारून घेऊ. फोन लावला तर डॉक्टर म्हणाले थांबा. या गोळ्यांमध्ये फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर असली औषधं असतात, आयसोक्साझोलिन गटातली, आणि २०१८ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सूचना काढली होती की काही कुत्र्या-मांजरांमध्ये यांनी थरथर, तोल जाणं, फिट येणं असं दिसलंय. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण जिला आधीच फिट आहेत तिला आपण नको देऊ. मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध लिहून दिलं आणि रोज रात्री हाताने अंग चाचपायचं, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली.

दुकानदाराचा दोष नाही, त्याला कसं कळणार. पण पाकिटावरचं बारीक अक्षर मी वाचलं नव्हतं. यापुढे जिरूच्या तोंडात किंवा अंगावर नवीन काहीही जायच्या आधी फोन, मग ते शाम्पू का असेना.

१२ एप्रिल

रस्त्याचा नकाशा सुरू केला. डॉक्टर म्हणाले होते तसा, म्हणजे हॉटेल आणि ढाबे नाही, तर प्रत्येक जागेवरून जनावरांचा डॉक्टर किती मिनिटांवर.

आग्रा रोडने उतरताना महू, मानपूर, मग धामणोद, खलघाटला नर्मदा, जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, आणि पलीकडे महाराष्ट्र, पळासनेर, शिरपूर, धुळे. इंदूर ते धुळे अडीचशे किलोमीटर आणि यातला मधला निमाडचा तुकडा मेमध्ये भट्टी असतो, खरगोन तर मध्य प्रदेशातल्या सगळ्यात तापणाऱ्या ठिकाणांपैकी. सरकारी जनावरांचे दवाखाने रस्त्यावर बरेच आहेत पण दुपारनंतर कोणी असेल याची खात्री नाही. १९६२ हा फिरत्या पशुचिकित्सा गाडीचा सरकारी नंबर, मध्य प्रदेशातही आणि महाराष्ट्रातही, तो दोन्ही फोनमध्ये सेव्ह केला.

१३ एप्रिल

आज नुसते फोन केले, एकूण चौदा. नंबर इंटरनेटवरून, नाशिक-पुण्याचे नातेवाइकांकडून. चार नंबर बंदच, दोन ठिकाणी दवाखाना केव्हाच हललाय. म्हणजे नकाशावर पिन दिसते म्हणून डॉक्टर आहे असं नाही, आणि हे घरी बसून शांतपणे कळलेलं बरं.

फोनवर प्रत्येकाला तेच विचारलं. रात्री फोन उचलता का. फिट चालू असताना शिरेतून द्यायचं औषध ठेवता का. ऑक्सिजन आहे का. आणि दापोली-खेडच्या लोकांना एक जास्तीचा प्रश्न, सापाचं.

कारण मामाचं घर कातळाला लागून आहे, आणि कोकणात फुरसं खूप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच सर्पदंशाचं इंजेक्शन आहे, माणसाला तेच आणि कुत्र्यालाही तेच. दापोलीच्या डॉक्टरांनी खूप छान सांगितलं, म्हणाले सीझनला एक-दोन व्हायल असतात माझ्याकडे, पण येण्याआधी फोन करा म्हणजे नसेल तर मी सोय बघतो, आणि चावलं तर कापू नका, बांधू नका, चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा. मग त्यांनीच विचारलं फिटवर काय चालू आहे आणि म्हणाले कार्डचा फोटो मला आत्ताच पाठवून ठेवा. आपल्या न बघितलेल्या कुत्रीसाठी रविवारी कोण एवढा वेळ देतं, मला भरून आलं.

आता नकाशावर माझ्याकडे आठ खरे नंबर आहेत. सगळ्यात मोठी गॅप ताम्हिणी घाट, पौडच्या पुढे ते माणगावपर्यंत, तिथे डॉक्टर नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. म्हणून तो टप्पा सकाळी, ती फ्रेश असताना, गोळी पोटात गेल्यावर.

१९ एप्रिल

किट. जुना स्टीलचा डबा घेतला, प्लॅस्टिक उन्हात वाकतं. डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलिन (कुत्र्याचं ताप गुदद्वारातूनच बघतात, नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट), गॉज, चिकटणारी बँडेज पट्टी, बोथट टोकाची कात्री, सलाइनची छोटी बाटली जखम धुवायला, चिमटा, टॉर्च, मोठा टॉवेल, मझल (तोंडावर बांधायची जाळी). मझल बघून लेक रडवेली झाली, जिरू कधीच चावत नाही म्हणाली. खरंय, पण पाय मोडला तर कोणीही चावतं. फक्त फिट चालू असताना किंवा उलटी होत असताना घालायचा नाही.

ओआरएसची पाच पाकिटं टाकली होती ती परत काढली. त्यात मीठच आहे. जुलाब झाले तर आधी फोन.

माणसांच्या औषधांचा डबा वेगळ्या बॅगेत, वरती, चेनबंद. आईची क्रोसिन, माझी आयबुप्रोफेन, दोन्ही कुत्र्यांना घातक. आणि मनुका-बेदाणे. मुंजीच्या घरात लाडू, चिवडा, सगळ्यात बेदाणे असणार आणि कुत्र्याची किडनी त्याने जाऊ शकते. शिवाय आंब्याच्या कोयी, मेमध्ये कोकणात पायापायाला कोय, आणि अख्खी गिळली की आतड्यात अडकते, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. मामीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली अगं कोयी मी झाकणाच्या बादलीत टाकते, बाकी पोरांना ताकीद दे.

२० एप्रिल

घरात ड्रिल केली. कोणी हसलं नाही, मला बरं वाटलं. जिरू झोपलेली होती, मी म्हटलं आता समजा सुरू झालं. लेकीचं काम फोनवर स्टॉपवॉच आणि व्हिडिओ. नवऱ्याचं काम आजूबाजूचं सामान सरकवणं आणि डोक्याखाली चादर. माझं काम वेळ बघून नाकातला स्प्रे, मिडाझोलमचा, डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे किती ते कार्डवर लिहून दिलंय. आईचं काम कोणालाही तोंडात हात किंवा चमचा घालू न देणं, कारण गावाला गेलं की कोणीतरी कांदा हुंगवायला किंवा चप्पल आणायला धावतंच. कुत्रं जीभ गिळत नाही, पण त्या वेळी बोट मात्र तुटू शकतं.

कधी धावायचं तेही सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. पाच मिनिटांच्या वर एक फिट गेली तर धावायचं. चोवीस तासांत दोन आल्या तर धावायचं, मधल्या वेळात कितीही नीट दिसत असली तरी.

२७ एप्रिल

जानापावला ट्रायल ट्रिप, जिथून चंबळ निघते ती टेकडी, महूच्या पुढे. सातची गोळी देऊन सव्वासातला निघालो. हार्नेस सीटबेल्टला क्लिप केला. चाळीस मिनिटांत उलटी. निघायच्या आधी तीन-चार तास पोट रिकामं हवं हे मला माहीत होतं पण गोळी खाण्याबरोबर देते म्हणून थोडं घातलंच. आणि मग महत्त्वाचा प्रश्न आला की उलटीत गोळी गेली का. शोधली, मिळाली नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले गोळी दिसली नाही तर परत स्वतःहून देऊ नका, डबल डोस होईल, किती वेळापूर्वी दिली ते मला कळवा मग ठरवू. गाडी लागण्याचं वेगळं औषध लिहून दिलं.

पार्किंगमध्ये गाडी बंद करून आम्ही फोटो काढायला उतरलो तेव्हा नवरा तिच्याजवळ थांबला. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा डिग्री सेल्सियसने तापते. प्रवासात एक जण कायम गाडीत, एसी चालू, हे पक्कं.

२ मे

औषधांचा स्टॉक. सोळा दिवसांची ट्रिप, चाळीस दिवसांच्या गोळ्या, अर्ध्या माझ्या पर्समध्ये, अर्ध्या आईच्या. दुसऱ्या गावात फिनोबार्ब पटकन मिळत नाही, आमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्यानेसुद्धा आज चिठ्ठी मागितली, "दीदी, इसके लिए तो ताज़ा पर्चा लगेगा," आणि ते बरोबरच आहे. ब्रोमाइड तर मागवून घ्यावं लागतं, त्याला सहा दिवस लागले. मूळ चिठ्ठी, तिच्या दोन झेरॉक्स, रेबीज आणि बाकी लसींचं पुस्तक. लेप्टोचा डोस बाकी होता तो महिन्यापूर्वीच देऊन झाला, कोकणात पाऊस लवकर आला तर उंदरांच्या मुतातून ते पसरतं.

सगळे नंबर, कार्ड, नकाशा कागदावर छापून डब्याच्या झाकणात चिकटवला. फोनवर आहे हे पुरेसं वाटत होतं, पण ताम्हिणी आठवली.

८ मे

पहाटे साडेचारला निघालो इंदूरच्या राजेंद्रनगरहून. खलघाटला नर्मदेवर सूर्य उगवत होता, आईने हात जोडले, एक रुपयाचं नाणं टाकायचं होतं पण गाडी थांबवता आली नाही. सेंधव्याला आठला, बिजासन घाट उतरून शिरपूर सव्वानऊ. दर दोन तासांनी पाणी, घरचंच, दोन कॅन भरून घेतलेत. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघायची, टेकवत नसेल तर तिचे पाय पण नाही. धुळ्याला साडेदहालाच हात टेकवत नव्हता, कडेच्या मातीत उतरवली. आत्याकडे दीडला. जिरू पंख्याखाली पसरली ती पाचपर्यंत उठली नाही.

१० मे

काल पुणे, आज ताम्हिणी. सातची गोळी देऊनच निघालो. घाटात खरंच एक काडी नाही रेंजची. माणगाव, आंबेत, मंडणगड, दापोली. वाटेत आधी डॉक्टरांच्या दवाखान्याला गेलो, काही झालेलं नसताना. दहा मिनिटं. तिचं वजन केलं, दात बघितले, फाईल पाहिली, नकाशात मामाचं घर दाखवलं. रात्री दारावरची कुठली बेल वाजवायची ते त्यांनी दाखवलं.

१२ मे

दुपारी शेजारच्या अंगणात वाळत घातलेले बोंबील. जिरूने अर्धी मूठ तरी खाल्ले असतील. लेक ओरडेपर्यंत गिळून झालं होतं. पट्टा माझ्या हातात होता आणि मी मामीशी बोलताना तो सैल सोडला, एवढंच.

इंदूरच्या डॉक्टरांना फोन. ते म्हणाले साधं पाणी भरपूर, ब्रोमाइडचा जास्तीचा डोस मनाने नको, ते शरीरातून खूप हळू जातं आणि एका खाण्याने किती उतरेल सांगता येत नाही, पण पुढचे चार-पाच दिवस नजर ठेवा. नोंद केली, दुपारी २:१०.

१४ मे

मुंज. दोनशे माणसं, लाउडस्पीकर, ताशे. तिला मागच्या खोलीत आईजवळ ठेवली. सातचा अलार्म वाजला, मी बंद केला, भिक्षावळ चालू होती, आणि गोळी दिली आठ वाजून चाळीस मिनिटांनी. हे लिहायलाच हवं.

१५ मे

पहाटे ३:४०, पहिली फिट. लेकीने स्टॉपवॉच लावलं, १ मिनिट ५० सेकंद. स्प्रेची गरज पडली नाही. नंतर अर्धा तास भिंतीला धडकत फिरली, दिसत नव्हतं तिला, हे होतं हे माहीत होतं म्हणून कोणी घाबरलं नाही, मामा सोडून. तो कांदा घेऊन आला, आईने त्याला हाताला धरून ओटीवर नेलं. पूर्ण शुद्धीत येईपर्यंत खायला दिलं नाही, पाणी पण चमचाभरच.

सकाळी डॉक्टरांना कळवलं, ते म्हणाले दुसरी आली तर लगेच या.

दुपारी १२:१५, दुसरी. तीन मिनिटं झाली, मी नाकात स्प्रे दिला, ४ मिनिटं १० सेकंदांनी थांबली. ताप १०४.१. ओला टॉवेल पोटाला आणि पंजांना, बर्फ नाही, आणि गाडीत घातली. रेंज नव्हती. झाकणातला कागद बघून नवऱ्याने मामेभावाला बाइकवर पुढे चढावर पाठवलं फोन लावायला. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर दाराशी उभे होते. टेबलावर १०३ झाल्यावर त्यांनी टॉवेल काढला, म्हणाले याच्या खाली आपण नाही आणायचं, नाहीतर जास्तच थंड पडते. शिरेतून औषध, आणि सलाइनची बाटली हातात घेऊन कार्ड परत वाचलं, तिसरी ओळ, आणि इंदूरला फोन लावून दोघे दहा मिनिटं आपसात बोलले. कुठली बाटली, किती, हे ठरवून मगच सुरू केलं. क्लोराइड भलतंच जास्त आलं, ते दोघांनाही अपेक्षित होतं.

रात्री नऊपर्यंत तिथेच. त्यांच्या बायकोने आमच्यासाठी आमटी-भात पाठवला.

१७ मे

अठ्ठेचाळीस तास झाले, तिसरी नाही. कशामुळे झालं हे दोन्ही डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. मीठ असेल, उशिराची गोळी असेल, गोंगाट आणि झोप असेल, तिन्ही मिळून असेल. मी मात्र गोळीचा अलार्म आता तीन फोनवर लावलाय आणि दिल्याशिवाय बंद करायचा नाही, हातातलं काम काहीही असो.

समुद्रावर नेली, भरती उतरल्यावर, आखूड पट्ट्यावर, आधी पोटभर गोडं पाणी पाजून. ओल्या वाळूवर एक केंड मासा पडलेला, फुगलेला, ती नाक लावायच्या आत मागे ओढली. तोंडात गेला असता तर जीवावर, त्याच्या विषावर औषध नाही. आई वाळूत बसून होती, जिरू तिच्या पदरावर डोकं ठेवून. बऱ्याच वेळ कोणी उठलं नाही.

२४ मे

काल रात्री घरी. येताना काही नाही, सेंधव्याला फक्त एकदा उलटी, गोळीच्या चार तासांनंतर, म्हणून चिंता नाही.

डब्यात बदल: दुसरा स्प्रे घ्यायचा, एक वापरला गेला. मझलची साइज लहान आहे, एक नंबर मोठा. झाकणावरचा कागद लॅमिनेट करायचा, घामाने शाई पसरली. कार्डवर चौथी ओळ वाढवली, १५ मे, २४ तासांत दोन फिट, दुसरी मिडाझोलमने थांबली. दापोलीच्या डॉक्टरांना इंदूरची शेव आणि जीरावण कुरियर केलं. फिनोबार्ब आणि ब्रोमाइड दोन्हीच्या लेव्हलसाठी महूला ७ जून, सकाळची गोळी द्यायच्या आधी सॅम्पल. गोळ्या मोजल्या, उरायला हव्या होत्या तेवढ्याच उरल्यात.